दर तासाला तापमान लिहिणारा माणूस: ‘कंट्रोल’च्या जर्मन अनुवादाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका कंपनीचं आहे. कंपनीचं नाव, ग्राहकाचं गाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मी इंग्रजीतून जर्मनमध्ये तांत्रिक अनुवाद करते. या कामात मी बाहेरची होते, आणि आलेही उशिरा, गोंधळ होऊन गेल्यावर.

कंपनी सुटे भाग धुण्याची यंत्रं बनवते. लेथवरून उतरलेला भाग तेलाने, कूलंटने आणि लोखंडाच्या बारीक चुऱ्याने माखलेला असतो. पुढच्या जोडणीआधी तो लख्ख व्हावा लागतो. हे यंत्र ते भाग जाळीच्या टोपलीत घेतं, साठ अंशांच्या आसपास तापवलेल्या द्रावणाचे फवारे मारून धुतं आणि गरम हवेने वाळवतं. आत टाकी, टाकीत हीटर, खाली पंप, बाजूला विजेचं कपाट, पुढे टचस्क्रीन. घरातल्या डिशवॉशरचा थोरला भाऊ म्हणा.

असं एक यंत्र दक्षिण जर्मनीतल्या, गिअरबॉक्सचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात गेलं. यंत्राबरोबर जर्मन सूचना-पुस्तिका देणं ही काही हौस नव्हती. युरोपीय संघाच्या 2006/42 या यंत्र-निर्देशानुसार यंत्र ज्या देशात बाजारात येतं, तिथल्या अधिकृत भाषेत पुस्तिका द्यावीच लागते. ती अनुवादित असेल तर ‘मूळ सूचनांचा अनुवाद’ असं तिच्यावर छापावं लागतं आणि सोबत मूळ पुस्तिकाही जोडावी लागते. या निर्देशाची जागा 20 जानेवारी 2027 पासून 2023/1230 हा नवा नियम घेणार आहे. पण जर्मन ग्राहकाला जर्मनमध्ये सांगायचं, ही अट तिथेही आहेच.

मूळ पुस्तिका कंपनीच्याच इंजिनिअरांनी इंग्रजीत लिहिली होती. आपल्याकडचं इंजिनिअरिंगचं इंग्रजी ज्यांनी वाचलंय त्यांना ती ओळखीची वाटेल: सरळ, थोडी सरकारी वळणाची, आणि पानोपानी ‘कंट्रोल’. टेंपरेचर कंट्रोल, लेव्हल कंट्रोल, प्रेशर कंट्रोल, कंट्रोल पॅनल, कंट्रोल कॅबिनेट, क्वालिटी कंट्रोल, शिवाय प्रत्येक पानाच्या तळाशी कंट्रोल नंबर. अनुवाद एका एजन्सीने शब्दामागे दर लावून केला होता. आधी यंत्राकडून करून घ्यायचा, मग माणसाने वरवर हात फिरवायचा, ही आजची नेहमीची पद्धत. एजन्सीच्या ट्रान्सलेशन मेमरीत, म्हणजे जुने अनुवाद साठवून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ‘कंट्रोल’ समोर एक शब्द बसला होता: कोंट्रोले. एकदा बसला की हे सॉफ्टवेअर तोच शब्द पुढेही सुचवत राहतं, आणि दिवसाला चार-पाच हजार शब्द उरकणारा माणूस तो स्वीकारत राहतो.

अडचण कशी उघडी पडली

यंत्र चालू होऊन काही महिने झाल्यावर ग्राहकाकडून एक साधी मेल आली. तक्रार नव्हती, विचारणा होती. तापमानाच्या नोंदींसाठी तुमचा ठरलेला फॉर्म आहे का? सध्या आम्ही आमचाच वापरतो आहोत. सोबत स्कॅन केलेलं एक पान होतं. तारीख, वेळ, अंश, सही असे रकाने. सकाळी 6 वाजता 60. 7 वाजता 61. 8 वाजता 60. 9 वाजता 60. प्रत्येक ओळीपुढे निळ्या शाईत आद्याक्षरं.

इकडे कोणालाच काही कळेना. टाकीतलं तापमान यंत्र स्वतःच राखतं, त्यासाठी सेन्सर आहे, पीएलसी, म्हणजे यंत्र चालवणारा छोटा औद्योगिक संगणक, आहे. मग दर तासाला एक माणूस टाकीशी जाऊन आकडा का लिहितोय? निर्यातीचं काम बघणाऱ्या गृहस्थांनी मला फोन केला तो या पानावरून. “मॅडम, जर्मन लोक शिस्तीचे असतात हे ठाऊक आहे, पण हे जरा जास्तच होतंय.”

शिस्त वगैरे काही नव्हतं. पुस्तिकेत तसंच लिहिलं होतं. इंग्रजी वाक्याचा अर्थ होता, की धुणं चालू असताना टेंपरेचर कंट्रोल सतत आवश्यक आहे. लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं: तापमान राखणारी यंत्रणा बंद करू नका. जर्मन पुस्तिकेत त्याचं झालं टेंपेराटूर-कोंट्रोले, आणि जर्मन वाचणाऱ्याला कळलं: तापमान वेळोवेळी तपासत राहा. किती वेळाने ते दिलं नव्हतं, म्हणून त्यांनी आपल्या मनाने तासाभराचं अंतर ठरवलं. त्यांचं काहीच चुकलं नाही.

मग मी अख्खी पुस्तिका मागवली. देखभालीच्या तक्त्यात एक ओळ होती, तिचा मराठीत अर्थ होतो: ‘पातळीची तपासणी रोज तपासा.’ विजेच्या कपाटाला तपासणी-कपाट म्हटलं होतं. पानाच्या तळाशी ‘तपासणी क्रमांक’. गंमत म्हणून वाचायला मजा आली असती, पण मधेच सुरक्षेचं प्रकरण होतं आणि तिथेही हाच शब्द होता.

एका शब्दाच्या पोटात काय काय

इथे जरा थांबून शब्द बघायला हवा, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे आहेत.

हा शब्द मुळात फ्रेंच. कोंत्र-रोल, म्हणजे प्रतिवही: एका वहीतल्या नोंदी दुसऱ्या वहीशी ताडून बघायच्या. आपल्या ‘पडताळा’च्या अगदी शेजारचा. इंग्रजीत जाऊन तो हातपाय पसरत गेला आणि त्याचा हुकमत, ताबा, नियमन, चालवण्याची कळ असं सगळंच झालं. जर्मनने मात्र त्याचा जुना अर्थ धरून ठेवला. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकलेल्यांना कोंट्रोले पहिल्याच वर्षी भेटतो तो पासपोर्ट तपासणीत आणि रेल्वेच्या तिकीट तपासणीत.

बाकीच्या अर्थांसाठी जर्मनकडे आपले शब्द आहेत, आणि तिथल्या इंजिनिअरला त्यांतला फरक नुसता माहीत नसतो, तो त्याच्या शिक्षणातच मुरलेला असतो. श्टॉयरुंग म्हणजे हुकूम सोडून चालवणं. श्टॉयर म्हणजे सुकाणू. याच श्टॉयरला नपुंसकलिंगी ‘डास’ऐवजी स्त्रीलिंगी ‘डी’ लावलं की त्याचा अर्थ कर होतो, आणि त्यावरून पहिल्या वर्षाच्या वर्गात हमखास हशा पिकतो. रेगेलुंग म्हणजे मोजायचं, हव्या आकड्याशी ताडायचं, फरक पडला तर दुरुस्त करायचं, पुन्हा मोजायचं. पहिल्यात साखळी उघडी, दुसऱ्यात वर्तुळ बंद. हा भेद डीआयएन 19226 या जर्मन मानकाने व्याख्या करून पक्का केला आणि पुढे ते काम डीआयएन आयईसी 60050-351 कडे गेलं. इंग्रजीला हेच सांगायला ‘ओपन लूप’ आणि ‘क्लोज्ड लूप’ अशी विशेषणं लावावी लागतात, आणि रोजच्या लिहिण्यात ती कोणी लावत नाही.

मराठीही या बाबतीत इंग्रजीच्याच बाजूची. नियंत्रण कक्ष, नियंत्रण रेषा, हिवताप नियंत्रण, तापमान नियंत्रण, सगळीकडे एकच शब्द चालतो. त्यामुळे ‘कंट्रोल’ वाचताना आपल्याला काही अडतच नाही. मला स्वतःला हा फरक नीट उमगला तो सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरून. टायमर लावून रोज सकाळी सहाला चाळीस मिनिटं पंप चालतो, टाकी भरलेली असली तरी चालतो आणि पाणी गच्चीवरून वाहतं: ही श्टॉयरुंग. तरंगता गोळा वर आला की पंप बंद, खाली गेला की चालू: ही रेगेलुंग. आणि वॉचमन जिना चढून झाकण उचलून आत डोकावतो: ती कोंट्रोले. टाकी एकच, पाणीही तेच. कंपनीच्या बैठकीत मी हेच उदाहरण दिलं आणि त्यानंतर कोणी ‘कंट्रोल म्हणजे कंट्रोल, त्यात काय एवढं’ म्हणालं नाही. त्याआधी मात्र डिझाइनच्या साहेबांनी ते दोनदा म्हणून झालं होतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय निर्यातीच्या गृहस्थांचा होता आणि तो स्वाभाविकच होता: फाइल उघडा, कोंट्रोले शोधा, त्या जागी श्टॉयरुंग घाला. अर्ध्या दिवसाचं काम. मी त्यांना एकच जागा दाखवली. धुऊन झाल्यावर भाग डोळ्यांनी बघून घ्या, अशी सूचना होती. त्याला जर्मनमध्ये झिश्टकोंट्रोले म्हणतात आणि तिथे तोच शब्द हवा. सरसकट बदल केला असता तर तिथे ‘नजरेने सुकाणू धरणं’ असं काहीसं उमटलं असतं. आधीची चूक निदान सगळीकडे एकसारखी होती, नंतर ती कुठे आहे तेही कळलं नसतं.

दुसरा पर्याय एजन्सीकडून आला. पुस्तिका तशीच ठेवू, पुढे एक शुद्धिपत्र जोडू. स्वस्तात होणारं. पण पंपाजवळ वाकून ओल्या हातांनी पान उलटणारा माणूस शुद्धिपत्र बघायला पुढे जात नाही.

तिसरा: जर्मन लोकांना इंग्रजी येतं, त्यांना इंग्रजीच वाचू दे. कायद्यापुढे हा टिकत नव्हता, पण नुसता कायदा पुढे केला की समोरचा मनातून पटवून घेत नाही. म्हणून मी बर्लिनचं एक गाजलेलं प्रकरण सांगितलं. 2006 आणि 2007 मध्ये तिथल्या एका रुग्णालयात 47 रुग्णांना गुडघ्याचे कृत्रिम सांधे सिमेंटशिवाय बसवले गेले. खोक्यावर इंग्रजीत ‘नॉन-मॉड्युलर सिमेंटेड’ असं होतं. म्हणजे सांधा सुट्या तुकड्यांचा नाही, आणि तो सिमेंटने बसवायचा. तो वाचला गेला ‘सिमेंटविरहित’ असा. ‘नॉन’ कोणाला चिकटतो, एवढाच प्रश्न होता. ते वाचणारे शिकलेले, अनुभवी लोक होते.

चौथा पर्याय म्हणजे प्रत्येक ‘कंट्रोल’ जाग्यावर जाऊन बघायचा, इंजिनिअरला विचारायचा आणि मग ठरवायचा. महाग आणि वेळखाऊ. पाचवा त्याहून मुळाशी जाणारा: जर्मन राहू दे, आधी इंग्रजीच सुधारा. विमानाच्या देखभालीसाठी एएसडी-एसटीई100 नावाची सोपी इंग्रजी ठरवलेली आहे. तिच्यात शक्यतो एका शब्दाला एकच अर्थ. ‘फॉलो’ म्हणजे मागोमाग येणं, एवढंच. सूचना ‘फॉलो’ करायच्या नाहीत, त्यासाठी वेगळा शब्द आहे. तसं काही आपल्या पुस्तिकेत करता आलं तर पुढे फ्रेंच, इटालियन करतानाही उपयोगी पडेल.

मी चौथा आणि पाचवा मिळून मागितले. मिळालं ते असं: चौथा पूर्ण, पाचवा फक्त सुरक्षा आणि देखभाल या दोन प्रकरणांपुरता. पैसे शब्दावर न लावता तासावर लावायचे, यावर दोन दिवस घासाघीस झाली. निर्यातीच्या गृहस्थांचा मुद्दा असा, की एकच शब्द तर बदलायचाय. हिशेबाने बघितलं तर त्यांचं बरोबरच होतं.

एजन्सीशी झालेला वादही इथे नोंदवायला हवा, कारण त्यांची बाजू अगदीच लंगडी नव्हती. तांत्रिक लिखाणात एका गोष्टीला एकच नाव हा नियम आहे, आणि तो योग्यच आहे. पान 12 वर जो पंप आहे तो पान 80 वर ‘मोटरपंप’ झाला तर मेकॅनिक दुसरा पंप शोधत बसेल. एजन्सीने हा नियम वस्तूऐवजी शब्दाला लावला होता. एका वस्तूला एक नाव, याचं त्यांनी एका इंग्रजी शब्दाला एक जर्मन शब्द असं करून टाकलं. त्यांच्या तपासनीस सॉफ्टवेअरलाही तेवढंच मोजता येत होतं, त्यामुळे अहवालात शून्य चुका होत्या.

यंत्रापाशी घेतलेले निर्णय

मी तीन दिवस कारखान्यात बसले. बसले म्हणजे उभीच होते. त्याच जातीचं दुसरं यंत्र चाचणीला लागलेलं होतं. सोबत इलेक्ट्रिकलचा एक तरुण इंजिनिअर दिला होता, मान खाली घालून काम करणारा, कमी बोलणारा. पहिल्या दिवशी मी त्याला विचारत होते, “इथे कंट्रोल म्हणजे काय?” आणि तो सांगत होता, “पीएलसी कंट्रोल करतो.” दुपारपर्यंत आम्ही तिथल्या तिथेच फिरत होतो. मग मी प्रश्न बदलला: “हे मोजून दुरुस्त करतं, नुसतं चालवतं, की माणसाने बघायचंय?” त्याने लगेच वहीत तीन रकाने पाडले. तिथून काम भराभर सरकलं.

हीटर सोपा निघाला, तरी त्यात एक मेख होती. तापमान सेन्सर मोजतो, पीएलसी ताडून बघतो आणि हीटर कमी-जास्त करतो. म्हणजे काम रेगेलुंगचं. पण ज्या पेटीत हे काम चालतं तिला जर्मनमध्ये श्टॉयरुंगच म्हणतात. पीएलसीचं तिथलं नाव एसपीएस, आणि त्यातला शेवटचा एस श्टॉयरुंगचा. म्हणजे श्टॉयरुंग नावाच्या पेटीत रेगेलुंग राहते. इंग्रजी वाक्यात ‘कंट्रोल’ पेटीला म्हटलंय की कामाला, हे दर वेळी वाक्य वाचूनच ठरवावं लागलं. ‘कंट्रोल बंद करण्याआधी’ म्हणजे पेटी. ‘कंट्रोल स्थिर झाल्यावर’ म्हणजे काम.

दाबाचा व्हॉल्व्ह मी कागदावरून चुकलेच असते. इंग्रजीत तो ‘प्रेशर कंट्रोल व्हॉल्व्ह’ होता. मी द्रुकरेगेलव्हेंटील, म्हणजे दाब राखणारा व्हॉल्व्ह, असं लिहून पुढे गेले होते. त्या मुलाने पाइपिंगचं रेखाचित्र काढलं आणि चिन्हावर बोट ठेवलं. एरवी बंद असलेला, आपल्या आधीच्या बाजूचा दाब बघणारा, दाब फार वाढला तर उघडून पाणी टाकीत परत सोडणारा व्हॉल्व्ह. तो दाब राखत नाही, फक्त मर्यादेबाहेर जाऊ देत नाही. त्याचं जर्मन नाव द्रुकबेग्रेंत्सुंग्सव्हेंटील. नावं चुकली असती तर सुटा भाग मागवताना भलताच व्हॉल्व्ह आला असता. चित्र शब्दापेक्षा खरं बोलतं, हे मला माहीत होतं, तरी मी आधी शब्दच वाचला होता.

कळा, बटणं, मुठी यांना इंग्रजीत ‘कंट्रोल्स’ म्हटलं होतं. इथे मला डोकं चालवावंच लागलं नाही, कारण यंत्र-निर्देशाच्या अधिकृत जर्मन पाठात त्यासाठी श्टेलटाइले हा शब्द आहे, आणि त्याच्या आधीच्याच कलमात कंट्रोल सिस्टिमसाठी श्टॉयरुंगेन आहे. तपासणी अधिकारी ज्या शब्दांत विचारणार तेच शब्द पुस्तिकेत असलेले बरे. टचस्क्रीनच्या फलकाला बेडीनफेल्ड, कपाटाला शाल्टश्रांक. तळाशी असलेला कंट्रोल नंबर हा नुसता दस्तऐवज क्रमांक निघाला.

आणि काही ठिकाणी कोंट्रोले तशीच ठेवली. डोळ्यांनी बघण्याच्या जागा तर होत्याच. पण एक वाक्य असं होतं, की भरलेली ट्रॉली उतारावर नेताना तिच्यावरचा ताबा सुटू शकतो. जर्मनमध्येही गाडीवरची कोंट्रोले सुटते असंच म्हणतात. जर्मननेही आता या शब्दाला ताब्याचा अर्थ देऊन टाकला आहे. एवढं सगळं झाल्यावर मला ते वाक्य बदलण्याचा मोह झाला. ते बदलणं चूक ठरलं असतं.

जिथे मी स्वतः चुकले

लेव्हल कंट्रोल हा शब्द दोन प्रकरणांत होता. मी यंत्रापाशी जाऊन पाहिलं: तरंगता स्विच आहे, पातळी खाली गेली की पाण्याचा व्हॉल्व्ह उघडतो, वर आली की बंद होतो. सोसायटीची टाकीच. म्हणून दोन्हीकडे मी फ्युलश्टांड्स-रेगेलुंग, म्हणजे पातळीची रेगेलुंग, लिहिलं आणि मनातल्या मनात पाठ थोपटली.

सुधारलेली पुस्तिका जर्मनीला गेली. तिथल्या देखभाल विभागाच्या प्रमुखाने ती खरोखर वाचली, आणि सुरक्षेच्या पानावर प्रश्न लिहून पाठवला. इथे म्हटलंय, की पातळी राखणारी यंत्रणा कधीही निकामी करू नका. पण टाकी साफ करताना तर आम्ही पाण्याचा नळ बंद करतोच, आणि देखभालीच्या प्रकरणात तसं करायलाच सांगितलंय. यातलं कुठलं ऐकायचं?

खाली दुसरा स्विच होता. तो पाणी भरत नाही. पातळी फारच खाली गेली तर हीटर आणि पंप तोडतो, म्हणजे हीटर कोरडा तापून जळू नये. इंग्रजी लिहिणाऱ्याने त्यालाही लेव्हल कंट्रोलच म्हटलं होतं. सुरक्षेच्या पानावर तोच अभिप्रेत होता. त्याला हवा होता ट्रोकेनगेशुत्स, कोरडं पडण्यापासूनचं संरक्षण. मी पहिला स्विच सापडल्यावर शोध थांबवला होता. एजन्सीने इंग्रजी शब्द एक म्हणून जर्मन शब्द एक ठेवला. मी वस्तू एक समजून तेच केलं. डिझाइनच्या साहेबांना हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. मूळ इंग्रजीतही त्यांनी त्या दोघांना वेगळी नावं दिली: एकाला पाणी भरण्याचं, दुसऱ्याला किमान पातळीला तोडण्याचं.

काय हाती लागलं

दुसऱ्या फेरीनंतर ग्राहकाने पुस्तिका स्वीकारली. तीन रकान्यांची ती वही टाइप करून आता कंपनीची शब्दसूची झाली आहे, आणि तिच्यात प्रत्येक शब्दासमोर एका रेखाचित्राचा क्रमांक आहे. एजन्सीने आपल्या मेमरीतली कोंट्रोलेची नोंद काढून टाकली असं कळवलं. इतर ग्राहकांच्या फाइलींमध्ये ती किती जागी पसरली असेल, ते मी विचारलं नाही.

टचस्क्रीन मात्र राहून गेला. पडद्यावरचे शब्द वेगळ्या एक्सेल फाइलमध्ये होते, ती सॉफ्टवेअरवाल्यांकडे होती, आणि माझ्या कामाच्या यादीत ती नव्हतीच. पुस्तिकेत मी लिहिलं: ‘श्टॉयरुंग आइन’ (आइन म्हणजे चालू) हे बटण दाबा. पडद्यावर होतं ‘कोंट्रोले आइन’. तिथल्या कामगारांनी लेबलच्या यंत्रावर पांढरी पट्टी छापून पडद्याच्या कडेला चिकटवली, खाली बाण काढला. पुढच्या सॉफ्टवेअर अपडेटपर्यंत ती पट्टीच यंत्र चालवायला शिकवत होती.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या दिवशी पुस्तिका उघडणार नाही. आधी विजेचं आणि पाइपिंगचं रेखाचित्र, सुट्या भागांची यादी आणि पडद्यावरचे शब्द, हे चार कागद मागेन, ते मिळेपर्यंत कामाचा अंदाजही देणार नाही. एकाच नावाखाली एकाहून जास्त वस्तू आहेत का, हा प्रश्न प्रत्येक नावाला विचारेन आणि एक सापडली म्हणून थांबणार नाही. जर्मनीतल्या देखभाल प्रमुखाला शेवटी नाही, सुरुवातीला गाठेन. त्याचा अर्धा तास माझ्या एका दिवसाच्या तोडीचा होता. ‘कंट्रोल म्हणजे काय’ असं इंजिनिअरला विचारणार नाही. त्याच्या दृष्टीने तो प्रश्नच होत नाही. यंत्र काय करतं ते विचारेन.

एका बाबतीत अजून माझं मत ठरत नाही. अख्खी इंग्रजी पुस्तिका सुधारून घ्यायचा हट्ट धरायला हवा होता का? धरला असता तर बहुधा काम हातचं गेलं असतं आणि सरसकट बदलाचा तो अर्ध्या दिवसाचा उपाय झाला असता. दोन प्रकरणांवर तडजोड केली, आणि उरलेल्या प्रकरणांतलं ‘कंट्रोल’ आता इटालियन अनुवादकाची वाट बघत आहे.

दर तासाच्या त्या नोंदींचं पुढे काय झालं, ते मी निरोपाच्या मेलमध्ये सहज विचारलं होतं. उत्तर आलं, की आता तासाला लिहीत नाही, पण पाळीत एकदा लिहितो. मधल्या काळात त्यांच्याकडे ऑडिटर येऊन गेला, त्याला ते पान फार आवडलं, त्याने ते कार्यपद्धतीत घ्यायला सांगितलं. तेव्हा पुढच्या आवृत्तीत देखभालीच्या तक्त्यात एक ओळ वाढवून देता का? मी दिली: ‘टाकीच्या तापमानाची कोंट्रोले, प्रत्येक पाळीत एकदा.’ या वेळी इंग्रजी ओळ जर्मनवरून करायची होती. मी तिथे ‘चेक’ लिहिलं.